जानेवारीतला समुद्र

फाटककाका,

दोन्ही बोटी आल्या.

वादळाच्या आधी निघाल्या, वादळाच्या आधी पोचल्या, आणि तिकडे वादळ धडकलं तेव्हा त्यांतला गॅस इथल्या टाक्यांमध्ये होता. तुम्ही कुठलाही कागद शेवटच्या ओळीपासून वाचायचात म्हणून शेवट आधी सांगितला. आता सावकाश वाचा. आणि 'बोट' लिहिलंय ते राहू द्या. "तीनशे मीटर लांब आहे ते, परबबाई, जहाज म्हणा," असं तुम्ही सात वर्षं म्हणत आलात. आमच्या रेडीत पाण्यावर तरंगतं ते सगळं बोटच.

तुम्ही गेलात त्याला आज पाच आठवडे झाले. वादळ तुमच्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आलं. इतकं थांबला होतात, आणखी थोडं थांबला असतात तर काय बिघडलं असतं? पण तुमचं सगळंच वेळापत्रकाप्रमाणे. कुणासाठी अर्धा तास थांबला नाहीत कधी.

मी सांगायला लागले की माझ्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, की तुम्ही चष्मा काढून पुसायला घ्यायचात. "झालं सुरू," म्हणायचात. होय, आजही सांगते. बाबा रेडीच्या खाणीवर, खनिज बार्जवर चढवायच्या कामाला. घरात पदवी पहिली माझी, पासपोर्ट पहिला माझा. सावंतवाडीचं कॉलेज, मग मुंबईत शिपिंगच्या कागदपत्रांची नोकरी, आणि तिथून टोकियोचं पोस्टिंग. मी आले तेव्हा त्या मोठ्या भूकंपाला आणि त्सुनामीला सव्वा वर्ष झालं होतं. अणुवीज जवळजवळ सगळी बंद. ऑफिसच्या पॅसेजमध्ये एकाआड एक दिवा, सरकते जिने थांबलेले, आणि निवृत्त होऊन टोकियोबाहेर त्सुकुबाला बागकाम करत बसलेले तुम्ही परत कामावर बोलावलेले. वीज आता गॅसवर निघणार होती आणि गॅसचा मोठा भाग तुमच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियातून येणार होता. त्या राज्याची माती, बंदरं, वारे तुमच्याइतके कुणालाच पाठ नव्हते.

पहिल्या दिवशी कुणीतरी ओळख करून दिली, ह्या परब-सान, तुमच्याच महाराष्ट्राच्या. तुम्ही विचारलंत, "गाव?"

"रेडी. वेंगुर्ल्याजवळ."

"रेडी! तुमच्याकडचा लोखंडाचा माल यायचा आमच्याकडे. ओला असायचा."

मी म्हटलं, "आणि तुमचं बोलणं कोरडं. पुण्याचे का?"

तुम्ही हसला नाहीत. पण दुपारी जेवायला मला बरोबर घेऊन गेलात.

ते जेवण मी विसरणार नाही. स्टेशनाखालचं उभ्याने खायचं उदोनचं दुकान. वाफाळलेला वाडगा पुढे आला आणि तुम्ही चॉपस्टिक्सनी एक जाड शेवई उचलून धरलीत. "हा गहू कुठला?" मी म्हटलं, जपानचा असेल. "वेस्टर्न ऑस्ट्रेलिया. पर्थच्या आतल्या पट्ट्यातला. ह्या शेवईला लागतो तसला मऊ गहू तिथे खास पिकवतात." मग चॉपस्टिक्स आत वळवल्यात. "ती कढई. लोखंड त्याच राज्याच्या उत्तरेचं, पिलबाराचं असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. खाली जळतोय तो गॅस त्याच किनाऱ्याचा. मीठही येतं तिथलं, पण ते कारखान्यांना जातं." मी विचारलं, "मग जपानचं काय आहे ह्यात?" तुम्ही म्हणालात, "पाणी. आणि वेळेवर वाढणं."

एका वाडग्यात तुम्ही मला राज्य दाखवलंत. नंतर नकाशावर शिकवलंत ते सगळं त्या वाडग्याला जोडत गेलात. आठ महाराष्ट्र मावतील एवढी जमीन, माणसं एकट्या पुण्यापेक्षा कमी, आणि त्यातली बहुतेक पर्थमध्ये. ("एवढं पुणं आणि भांडण नाही?" मी विचारलं. "अंतर आहे मध्ये," तुम्ही म्हणालात.) सोन्याच्या खाणी अशा कोरड्या मुलखात, की शंभर वर्षांपूर्वी पाचशेहून जास्त किलोमीटर नळ टाकून पाणी नेलं. ब्रूमचे मोती, आणि ते काढायला बुडी मारणारे जपानी पाणबुडे, त्यांच्या तिथल्या कबरी. कामानिमित्त गेला होतात तेव्हा ओळख ना पाळख, बाटलीभर पाणी घेऊन त्या दगडांवर घालून आलात. का, असं विचारलं तर म्हणालात, "उन्हात होते ते."

आणि माझ्या पहिल्या प्रेझेंटेशनमध्ये मी लिहिलं होतं, 'बहुतांश राज्य रिकामं'. तुम्ही लाल पेनाने तो शब्द इतका खोडलात की कागद फाटला. "तिथे हजारो वर्षं माणसं राहताहेत. नकाशा काढणाऱ्यांनी त्यांची नावं उशिरा लिहिली, एवढंच. तुझ्या रेडीला कुणी रिकामं म्हटलं तर चालेल?" नाही चालणार. तेव्हापासून मी तो शब्द वापरलेला नाही.

आता माझ्या चुकीबद्दल. तुम्ही नंतर तिचा विषय कधी काढला नाहीत, म्हणून मीच काढते.

तुमची कामाची एक पद्धत होती. इथल्या रेल्वेचा गार्ड जसा सिग्नलकडे बोट रोखून मोठ्याने बोलतो, तसे तुम्ही वेळापत्रकाच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून म्हणायचात: बंदर, ठीक. भरती, ठीक. वारा, ठीक. भर ऑफिसात, मराठीत. लोकांना वाटायचं तुम्ही मंत्र म्हणताय. मला लाज वाटायची. मी मनातल्या मनात म्हणायची.

पहिल्या हिवाळ्याचं वेळापत्रक मी केलं. जानेवारी-फेब्रुवारीत बोटी एकीला एक लागून, मध्ये राखीव दिवस एकही नाही. ते वीज कंपनीकडे गेलंसुद्धा. दोन दिवसांनी तुम्ही माझ्या टेबलाशी आलात, बोट ठेवलंत. "वारा?"

मी म्हटलं, "काका, जानेवारीत कसला वारा? समुद्र ताटासारखा असतो."

"कुठला समुद्र?"

मी माझाच कागद पुन्हा पुढे ओढला. आमच्याकडे श्रावणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की तो आपला. मग थेट मे महिन्यापर्यंत भीती नाही. पावसाळ्यात बार्ज बंद, बाबा घरी. नारळ पडला की बाबा कामावर. हे मी शिकलेलं नव्हतं, हे माझ्या अंगात होतं. पुस्तकात मी वाचलं होतं की तिथली चक्रीवादळं नोव्हेंबर ते एप्रिल. वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही असतं. पण तारखा टाकताना हात रेडीचा होता.

तुम्ही आधी हसलात. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. "विषुववृत्त ओलांडलंस की नाही, परबबाई? तिकडे नारळ एप्रिलअखेर सोडायचा!" मग एकदम तारखा मोजायला लागलात, कारण बोट निघायला आठवडा राहिला होता.

वादळ आलंच. बंदर रिकामं केलं, आमची बोट न भरता खोल समुद्रात पाठवली. ऐनवेळी दुसऱ्याचा गॅस मिळवावा लागला. वीज कंपनीत जाऊन माफी मागायची वेळ आली. मी वाकले. आणि माझ्या शेजारी, माझ्याइतकेच, किंबहुना जास्त, तुम्ही वाकलात. पासष्टीचा माणूस, पाठीचं दुखणं. म्हणालात, "ह्या कागदावर बोट ठेवायचं काम माझं होतं."

तुमचं नव्हतं, काका. मी तुम्हाला दाखवलाच नव्हता कागद. हे मी आपल्या साहेबांना, निशिदा-साननाही सांगितलं नाही, तेव्हा भीती वाटली म्हणून, आणि नंतर उशीर झाला म्हणून. आज सांगते.

त्या संध्याकाळी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "समुद्र तो समुद्रच गो. उलटो कसो आसतलो?" दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "त्यांना सांग, समुद्र सुलटाच आहे. उलटी तू आहेस."

दुसऱ्या दिवसापासून मी मोठ्याने म्हणायला लागले. बंदर, ठीक. भरती, ठीक. वारा.

आपलं भांडण एकच होतं, सात वर्षं चाललेलं. तुम्ही म्हणायचात, जमिनीत असतं त्याचं होतं. पिलबाराच्या दगडात लोखंड ठासून भरलेलं, बंदरं मोठी, कोरडी हवा. म्हणून ते जिंकले आणि रेडी मागे पडली. यात कुणाचा दोष नाही, मातीचा स्वभाव. मी म्हणायची, ते लोखंड तिथे कालपासून होतं का? साठ सालापर्यंत त्यांच्याच सरकारला वाटत होतं की देशात लोखंड थोडं आहे, परदेशी विकायला बंदी होती. दगड पायाखाली होता तेव्हाही तो दगडच होता. मग बंदी उठली, जपानच्या पोलाद कारखान्यांनी वर्षानुवर्षांचे करार केले, आणि त्या कागदाच्या भरवशावर वाळवंटात रूळ पडले. आधी भरवसा, मग माती.

"भावनिक अर्थशास्त्र," तुम्ही म्हणायचात.

"मग मी इथे कशी?" मी म्हणायची. "आमच्या शाळेतल्या बाईंनी कॉलेजचा फॉर्म स्वतः भरला म्हणून."

"तू हुशार होतीस म्हणून."

"माझी आई माझ्याहून हुशार आहे. तिचा फॉर्म कुणी भरला नाही."

इथे तुम्ही नेहमी घड्याळ पाहायचात. त्सुकुबाची गाडी असायची तुमची. दर वेळी गाडीच आडवी आली.

मागच्या पावसाळ्यानंतर तुमची तब्येत ढासळली आणि मी रविवारी तुमच्याच गाडीने त्सुकुबाला यायला लागले. सुनंदाकाकू हॉस्पिटलात डबा आणायच्या, तुम्ही नाक मुरडायचात, मी तो खायची. माझी इथली मुदत मार्चअखेर संपत होती. निशिदा-साननी स्पष्ट सांगितलं होतं: ह्या हिवाळ्याचं नियोजन तुमचं. ते नीट पार पडलं तर वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचं डेस्क तुमचं, फाटक-सानची खुर्ची तुमची. नाहीतर मुंबईला परत, कागदपत्रांच्या विभागात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मीटिंग होती.

माझा बेत असा, की वादळांच्या ऐन दिवसांत, फेब्रुवारीच्या मध्यावर भरायच्या दोन बोटी जानेवारीअखेर भरून घ्यायच्या. तुम्ही पलंगावर नकाशा पसरून ऐकलंत आणि साफ मोडीत काढलंत.

"हिवाळा उबदार गेला तर टाक्या भरलेल्या राहतील. गॅस ओतणार कुठे? टोकियोच्या खाडीत?"

मी म्हटलं, बघते.

"आणि वादळ जानेवारीतच आलं तर? त्याला तुझं वेळापत्रक मिळालंय का?"

मी म्हटलं, बघते.

"आणि लोक काय म्हणतील माहीत आहे? दुधाने तोंड पोळलंय, परबबाई ताकही फुंकून पितायत."

ते लागलं मला. मी नकाशाची घडी घातली. काकू म्हणाल्या, "अहो, किती टोचाल तिला?" तुम्ही म्हणालात, "डॉक्टर मला टोचतात तेव्हा कुणी बोलत नाही." परतीच्या गाडीत मी रागाने धुमसत होते. म्हटलं, म्हातारा माणूस, खुर्ची सोडवत नाहीये.

माफ करा. पण तसंच म्हटलं होतं.

त्या आठवड्यात मी कामाला लागले, तुम्हाला खोटं पाडायचं म्हणून. वीज कंपनीच्या टर्मिनलवर स्वतः गेले. कळलं की एक टाकी तपासणीसाठी रिकामी केली आहे आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला परत वापरात येते. जागा होती, कुणी विचारली नव्हती एवढंच. मग दुसरं. जानेवारीत वादळ आलंच तर त्या बोटी ढकलून फेब्रुवारीत जातील, म्हणजे होतो तिथेच. नुकसान काही नाही. तिसऱ्याचं उत्तर मात्र कुठल्याही टर्मिनलवर नव्हतं. ते सायकलवरून कोतोतल्या माझ्या घरी येताना सुचलं.

मीटिंग. निशिदा-सान, आणखी चौघे, आणि टेबलाच्या टोकाला मी. निशिदा-साननी कागद वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "हिवाळा उबदार गेला तर टाक्यांचं काय?"

मी टाकीचं सांगितलं.

"जानेवारीतच वादळ आलं तर?"

मी सांगितलं.

मग अवघडून, जपानी माणूस अवघडतो तसं: "परब-सान, हे पहिल्या वर्षीच्या अनुभवामुळे आलेलं भय तर नाही ना?"

काका, तेच तीन प्रश्न. त्याच क्रमाने. मी उभी राहिले आणि म्हणाले, "भय आहेच. ज्याला भय वाटत नाही त्याच्या हातात समुद्राचं वेळापत्रक देऊ नये." आणि मग त्या कागदावर बोट ठेवून, मोठ्याने, मराठीत म्हटलं: बंदर, ठीक. भरती, ठीक. वारा, ठीक. खोलीत कुणी हसलं नाही. एवढे मराठी शब्द त्या मजल्यावर सगळ्यांना पाठ आहेत. निशिदा-साननी आपला शिक्का काढला आणि उमटवला.

मी रविवारी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "शिक्का म्हणजे जहाज नव्हे." तेवढंच. आणि सफरचंदाची फोड माझ्याकडे सरकवलीत, तुमच्या वाट्याची.

जानेवारीत तुम्ही फार थकलात. काकूंनी एकदा हळूच विचारलं, अस्थी पुण्याला न्यायच्या का. तुम्ही म्हणालात, "नदीला पाणी असेल तर ने." काकू हसता हसता रडायला लागल्या. मी जिन्यात जाऊन रडले. पंचविशीच्या आसपास इथे आलेला माणूस, पंचेचाळीस वर्षं इथला भात खाल्लेला, आणि शेवटच्या महिन्यातसुद्धा बोलणं सदाशिव पेठेतलंच.

तुम्ही गेलात तेव्हा पहिली बोट भरत होती. मी स्मशानातून ऑफिसला गेले, काळ्या कपड्यांतच. दुसरी भरायची होती. तुम्हीही तेच केलं असतंत.

मग फेब्रुवारीच्या मध्यावर त्या किनाऱ्याबाहेर ढगांचं चाक फिरायला लागलं. बंदर बंद. उभ्या सगळ्या बोटी समुद्रात पाठवल्या. त्याच आठवड्यात इथे बर्फ पडला, टोकियोत गाड्या रखडल्या, घराघरांत हीटर. आणि दिवे लागलेले होते, काका. स्टेशनाखालच्या दुकानात उदोन उकळत होतं. मी मुद्दाम गेले. वाडगा घेतला. कढईखालच्या ज्योतीकडे इतका वेळ बघत उभी राहिले की आतल्या आजी म्हणाल्या, "काही चुकलं का?" मी म्हटलं, नाही. ह्या वेळी काही चुकलं नाही.

शुक्रवारी निशिदा-साननी सगळ्यांसमोर जाहीर केलं. डेस्क माझं. बाबांना फोन केला तर पहिला प्रश्न, "खुर्ची फिरती आसा?" आहे म्हटलं. गावभर सांगून आले ते. खनिज बार्जवर चढवणाऱ्याची मुलगी आता एका आख्ख्या राज्याकडून येणाऱ्या बोटींच्या तारखा ठरवते. चष्मा पुसा खुशाल. मी सांगणारच.

काल काकूंकडे गेले होते. विचारलं त्यांना: काकांनी निशिदा-सानना कधी फोन केला होता का? ते तीन प्रश्न काकांनी दिले होते, की कुठल्याही शहाण्या माणसाला तेच सुचले असते? काका खरोखर माझ्या बेताच्या विरोधात होते, की माझी तालीम घेत होते? काकू म्हणाल्या, "मला नाही गं माहीत. मला वाटायचं ते माझ्या स्वयंपाकाच्याही विरोधात आहेत. आणि डबा एक दिवस नाही नेला तर तोंड फिरवून बसायचे."

निशिदा-साननाही विचारता येईल. विचारणार नाही. कारण मी हिशोब करून पाहिला.

तुम्ही खरंच विरोधात होतात, तर मी ही बाजी एकटीने मारली. मग तुमचं खरं: जमिनीत असतं त्याचं होतं. आणि तुम्ही तालीम घेत होतात, तर माझं खरं: आधी कुणीतरी भरवसा ठेवावा लागतो. म्हणजे मी भांडण जिंकले तर पराक्रम तुमचा, आणि पराक्रम माझा म्हटला तर भांडण तुम्ही जिंकलात. असा पेच घालून ठेवलात आणि गाडी पकडलीत. नेहमीसारखी.

एप्रिलअखेर तिथला समुद्र मोकळा होईल. तेव्हा त्सुकुबाला नारळ घेऊन येणार आहे. इथे समुद्रात काही टाकलं तर पोलीस येतील, आणि करवंटी कुठल्या दिवसाच्या कचऱ्यात घालायची यावर काकू आणि मी आत्तापासून वाद घालतोय. तो नारळ तुमच्या फोटोसमोर फोडू. अर्धा तुमचा. अर्ध्याची सोलकढी करू, तुम्ही नाक मुरडायचात तीच.

तोवर सोमवारपासून खुर्चीत बसते. थोडी उंच आहे माझ्यासाठी. खाली केली नाही. पाय टेकत नाहीत, पण नकाशा पूर्ण दिसतो.

तुमची,
वैशाली परब
रेडी, हल्ली मुक्काम कोतो, टोकियो